उदासीनता निरंक

माझ्या थोरल्या भावानं वर्तमानपत्रातल्या चुका काढायचं सोडलं, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

आमचा दादा, म्हणजे रामाजी मास्तर, काटोलच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला. बोर्डाचे पेपर तपासण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे छापील कागद दिसला की त्याचा हात खिशातल्या तांबड्या पेन्सिलीकडे जायचाच. त्यातून कोणालाही सूट नव्हती. किराण्याची पुडी सोडली की आधी तिच्यावरचा मजकूर दुरुस्त व्हायचा, मग आतली डाळ डब्यात जायची. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतले दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ती त्यानं माझ्या सासऱ्यांकडे परत पाठवली होती. लग्न तरीही झालं, हा सासऱ्यांचा मोठेपणा. आणि रोजचं वर्तमानपत्र तर त्याच्या हातून माझ्याकडे येईपर्यंत गोवर उठलेल्या पोरासारखं लाल ठिपक्यांनी भरलेलं असायचं.

गेल्या उन्हाळ्यात रुख्मिणीवहिनी गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी काटोलला जाऊन दादाला धरमपेठेत आमच्या घरी घेऊन आलो. तो आला, ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसला. थंडी सुरू झाली तरी तो तिथंच बसलेला होता. काहीही विचारा, उत्तर एकच. चहा देऊ का? ठीक आहे. साखर कमी पडली का? ठीक आहे. जेवायला वाढलं तर अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायचा. भल्या पहाटे उठायचा आणि उजाडेपर्यंत भिंतीकडे पाहत बसायचा.

त्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्याच पानावर छापलं होतं की साठ टक्के लोक एका बाजूचे आणि पन्नास टक्के दुसऱ्या. दादानं ते वाचलं, घडी केली आणि कागद माझ्याकडे दिला. एकही लाल खूण नव्हती.

शोभानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "अवो, दादाजीले काहीतरी होऊन राहिलं. एकशे दहा टक्के वाचून हा माणूस गप्प बसला!"

"दुःख आहे, वं. जाईल हळूहळू."

"जाऊन नाही राहिलं, वाढून राहिलं. डॉक्टरले दाखवा."

मी दादाजवळ विषय काढला. "मले काय धाड भरली?" एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे पाहू लागला.

आता इथं आमच्या साप्ताहिकाबद्दल सांगणं भाग आहे. आमच्या बिल्डिंगीत चौघांत मिळून एक साप्ताहिक यायचं. आधी आमच्याकडे, मग वरच्या यमुताईंकडे, मग शेजारच्या गणपतरावांकडे, आणि शेवटी तळमजल्यावरच्या कवडूजी मेश्रामांकडे. कवडूजींचा नंबर शेवटचा म्हणून रद्दीचा हक्क त्यांचा, असा करार होता. करार तोंडी होता, पण तो मोडला तर बिल्डिंगीत आठवडाभर कोणी कोणाला विरजण द्यायचं नाही.

त्या आठवड्याच्या अंकात एक पान होतं : 'तुमचं मन उदास आहे का? स्वतःच तपासा.' सोळा प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, चिडचिड होते का, रडू येतं का, आवडत्या गोष्टीत मन रमतं का, असे. प्रत्येकासमोर चार चौकटी : नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज. त्यांना शून्यापासून तीनपर्यंत गुण. बेरीज पंधराच्या वर गेली तर डॉक्टरांना भेटा. खाली सूचना होती की मागच्या दोन आठवड्यांपुरतंच उत्तर द्यावं, एकट्यानं द्यावं, खरं द्यावं, आणि हे रोगाचं निदान नव्हे.

"हे दादाजीले द्या," शोभा म्हणाली.

"तो भरणार नाही."

"तं मग तुमी भरा. त्याहिच्या बाजूले बसून भरा. मास्तर माणसासमोर कोणी पेपर सोडवला का तो डोकावतेच. डोकावले का मग हळूच इचारा."

योजना उत्तम होती. तिच्यात एकच दोष होता, तो म्हणजे मी.

मी सदरमधल्या एका सरकारी कचेरीत हिशेबाच्या शाखेत आहे. कोणत्या ते सांगत नाही, का ते पुढे कळेलच. बावीस वर्षांच्या नोकरीनं माणसाला एक वळण लागतं. सरकारी माणूस 'रोज' लिहीत नाही, कारण ते अंगाशी येतं. 'नाही' लिहीत नाही, कारण त्यावर अपील होतं. त्यामुळे 'कधीकधी' ही चौकट पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. मी पेन्सिलीनं भराभर 'कधीकधी' वर खुणा करत गेलो; चार प्रश्न लागू नाहीत म्हणून कोरे सोडले. मागच्या दोन आठवड्यांचं विचारलं आहे हेही विसरलो आणि सगळ्या नोकरीचा आढावा घेतला. "मनात अपराधीपणा येतो का?" कधीकधी. "भविष्याबद्दल निराश वाटतं का?" बढतीची यादी डोळ्यांसमोर आली. कधीकधी.

"चिडचिड होते का?" हे मी मोठ्यानं वाचलं, तर आतून आवाज आला, "तिथं 'रोज' लिहा!"

"हे स्वतः भरायचं आहे," मी म्हणालो.

"तुमची चिडचिड तुमाले कशी दिसन? ती मले दिसते!"

मी 'रोज' वर खूण केली. चिडून केली, म्हणजे उत्तर बरोबरच होतं म्हणायचं. मग बेरीज केली. सतरा.

पुन्हा केली नाही. हिशेबाच्या शाखेतला माणूस स्वतःची बेरीज पुन्हा करत नाही, दुसऱ्याची करतो. सतरा म्हणजे पंधराच्या वर. मी पेन्सिल खाली ठेवली. दादा मात्र खरंच डोकावला होता. मी संधी साधून म्हटलं, "दादा, तुलेही इचारू का?"

"इचार."

"झोप..."

"नाही."

"नाही म्हणजे? लागत नाही का त्रास नाही?"

"त्रास नाही. पुढं."

मी प्रश्न वाचत गेलो आणि तो प्रश्न पुरा व्हायच्या आत 'नाही' म्हणत गेला. सोळाच्या सोळा नाही. बेरीज शून्य. मग त्यानं माझ्या खुणांकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी ठीक आहे गा, मनोहर. तू आपली तब्येत सांभाळ."

ज्याला दाखवायचं तो निरोगी ठरला आणि दाखवणारा रोगी. त्या धक्क्यात मी पेन्सिलीच्या खुणा पुसायचं विसरलो, आणि ठरलेल्या दिवशी साप्ताहिक वर यमुताईंकडे गेलं.

यमुताई म्हणजे बिल्डिंगीचं आकाशवाणी केंद्र, फरक इतकाच की त्यांचं प्रसारण बंद होत नाही. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं की मनोहररावांच्या मनाला सतरा गुणांचं दुःख आहे. संध्याकाळी कचेरीतून आलो तर त्या पायऱ्यांवरच उभ्या होत्या.

"भाऊ, सांगाचं तरी! काहून एवढं मनाले लावून घेऊन राहिले? शोभा काही बोलली का?"

"नाही हो."

"चिडचिड रोज, असं लिहून आहे. पाह्यलं मी. नजर लागली तुमाले. मी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकतो, तुमी फक्त दारात उभे राहा."

मी दारात उभा राहिलो. माझ्याभोवती मीठ-मोहऱ्या फिरत असताना समोरच्या बिल्डिंगीतली बिऱ्हाडं गॅलरीत आली. तेवढ्यात शेजारचे गणपतराव पांढऱ्या गोळ्यांची पेटी घेऊन आले. हे पोस्टातून रिटायर झालेले, आणि तेव्हापासून बिल्डिंगीला होमिओपॅथी देतात. फी घेत नाहीत, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. त्यांनी माझी जीभ पाहिली, तळहात पाहिले आणि विचारलं, "स्वप्नात पाणी दिसते का? वाहतं का साचलेलं?"

"दिसत नाही."

"मंग साचलेलंच," म्हणून त्यांनी चार गोळ्या जिभेवर टाकल्या.

त्यांच्या मागोमाग कवडूजी मेश्राम. हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. माणूस मनानं लोण्यासारखा, पण प्रत्येक दुखण्यावर त्यांचा इलाज एकच, सावजीचं मटण. "मनोहरभाऊ, दुःख आत साचते नं, तेच वाईट. एक प्लेट तर्रीवालं खा. डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून वाहाले लागन. अर्ध्या तासात मन साफ!"

त्यांनी मला सायकलवर डबलसीट घालून नेलं. डोळ्यांतून आणि नाकातून वाहिलं हे खरं. मन साफ झालं का हे सांगता येत नाही, कारण पुढचे दोन दिवस पोटाशिवाय दुसऱ्या कुठल्या अवयवाकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागत होती, ती मी कोणाला सांगितली नाही. बिल्डिंग माझ्याभोवती फेर धरून नाचत होती, आणि ज्याच्यासाठी हे आरंभलं तो गॅलरीत बसून अर्धी पोळी सरकवत होता. त्याला कोणी विचारत नव्हतं, कारण त्याला शून्य मिळाला होता.

पुढची कल्पनाही शोभाचीच. "साऱ्या बिल्डिंगीले भरू द्या तो पेपर. अन् तपासाले दादाजीले द्या. हातात तांबडी पेन्सिल आली का माणूस उठून बसते का नाही पाहू."

पण पान एकच, आणि त्यावर माझ्या खुणा. गणपतरावांनी त्या रबरानं पुसायला घेतल्या तर कागदाला भोक पडू लागलं. तेव्हा मी ते पान कापून परत घेतलं. कवडूजींच्या रद्दीच्या हक्काला धक्का लागला म्हणून त्यांची रीतसर परवानगी घेतली, आणि पान खिशात घालून कचेरीत गेलो.

कचेरीत चक्रमुद्रणाचं, म्हणजे सायक्लोस्टाइलचं, यंत्र होतं. चारदोन घरगुती कागद त्यावर निघतात, सत्यनारायणाचं निमंत्रण वगैरे, साहेबही त्याकडे कानाडोळा करतात. आमचा टंकलेखक रविंद्र स्वभावानं गरीब; त्यानं सोळाही प्रश्न स्टेन्सिलवर उतरवून दिले. मी म्हटलं, "दहा प्रती पुरे." तो "हो" म्हणाला आणि स्टेन्सिल टेबलावर ठेवून जेवायला गेला. नेमके ते वार्षिक तक्ते पाठवायचे दिवस. त्याच टेबलावर तक्त्यांच्या स्टेन्सिल ठेवलेल्या. पुढचं सांगायला नको. यंत्रावरच्या माणसानं सगळं एका दमात छापलं, जावक शाखेनं पाकिटं भरली, आणि 'माहिती तातडीने पाठवावी' असा शिक्का मारून ती जिल्ह्यातल्या सगळ्या अधीन कार्यालयांना रवाना झाली.

माझ्या दहा प्रती मला मिळाल्या होत्या; बाकीच्यांचा पत्ता लागला तो उत्तरं येऊ लागली तेव्हा. सरकारी यंत्रणा सुस्त असते असं म्हणणाऱ्यांनी ती उत्तरं पाहावीत. एका तालुक्यानं सगळे रकाने शून्य भरून उलटटपाली कळवलं होतं : 'या कार्यालयात उदासीनता निरंक. मागील वर्षीही निरंक.' दुसऱ्यानं लिहिलं होतं : 'साठा शिल्लक नाही. पुरवठा व्हावा.' तिसऱ्या ठिकाणचे हेडक्लार्क जास्त काळजीचे. त्यांनी विचारलं होतं की 'रडू येते का' या स्तंभात फक्त कायम कर्मचाऱ्यांची माहिती भरावी की रोजंदारीवरच्यांचीही.

साहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर तो गठ्ठा होता.

"हे काय आहे?"

मी खरं ते सांगितलं. भाऊ, वहिनी, भिंत, एकशे दहा टक्के, सगळं. सांगता सांगता माझा आवाज एकदोनदा बसला, याची मला अजून लाज वाटते. साहेबांनी चष्मा काढला. सरकारी यंत्र, सरकारी कागद, सरकारी टपाल यांचा गैरवापर, असं बराच वेळ बोलले. लेखी खुलासा मागितला. मी "होय साहेब" म्हणून दारापर्यंत गेलो, तर मागून हलक्या आवाजात म्हणाले, "एक कोरी प्रत ठेवून जा."

मी ठेवली. त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेवढी अदब मला आहे.

रविवारी सकाळी आमच्या गॅलरीत परीक्षा भरली. ऊन छान पडलं होतं. शोभानं सतरंजी अंथरली, पाटाचं डेस्क केलं, आणि दादाच्या खुर्चीशेजारी स्टुलावर नवी तांबडी पेन्सिल, टोक काढून, ठेवली. दादानं तिच्याकडे पाहिलं नाही. यमुताई, गणपतराव, कवडूजी बसले. मी पर्यवेक्षक.

सगळ्यांची एक समजूत घट्ट होती की गुण जास्त म्हणजे चांगलं. लहानपणापासून तेच शिकलो, त्यांचा काय दोष?

"पस्तीसले पास ना, मास्तर?" कवडूजींनी विचारलं.

"मनोहरले सतरा भेटले म्हणजे तो नापासच झाला म्हना ना," गणपतराव म्हणाले, आणि वाकून कवडूजींच्या कागदावर पाहू लागले. कवडूजींनी हातानं कागद झाकला. गणपतरावांनी तरी दोन उत्तरं उतरवलीच. दुसऱ्याचं दुःख कॉपी करणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

"गणपतराव," खुर्चीतून आवाज आला. सगळे चमकले. "पुढं पाहा. आपआपलं लिहा."

शोभा दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

दादा पुढं म्हणाला, "अन् हा पेपर नापास व्हायसाठी असते. शून्य भेटला तं चांगलं."

"असं कसं बाप्पा!" कवडूजींनी आपल्या सगळ्या 'रोज' खोडायला सुरुवात केली. एवढ्या खाडाखोडीचा पेपर पाहून दादाला राहवेना. त्याचा हात स्टुलाकडे गेला. त्यानं पेन्सिल उचलली, कवडूजींचा कागद मागून घेतला, आणि समासात लिहिलं : 'खाडाखोड टाळावी.' मला तिथंच ढोल वाजवावेसे वाटले.

मग यमुताईंनी कागद दिला. देताना त्या स्वतःच मोठ्यानं सांगू लागल्या, कारण मनात ठेवणं त्यांना जमतच नाही. "मास्तर, माह्या रडण्यासमोर 'रोज' आहे, ते खरं आहे बरं, खोडू नका. माही पोरगी जया सासरी भिलाईले गेली तेव्हापासून संध्याकाळी तिच्या ताटाची आठवण येते अन् डोळ्यांतून पाणी येते. मी पोळ्या लाटता लाटता रडून घेतो. लोक म्हनते, यमुताई हसतमुख आहे. हसतमुख तं आहोच! पण रडतोही. त्यात काय लपवाचं?"

आम्ही हसणार होतो. त्यांच्या बोलण्यावर हसायची आम्हा सगळ्यांना सवय होती. पण दादाची पेन्सिल थांबली होती. त्यानं कागदावर बरोबरची खूण केली, मोठी, जशी पूर्ण गुण मिळालेल्या गणितावर करतात तशी. कागद परत दिला आणि आत गेला.

परीक्षा मोडली. सगळे आपापल्या घरी गेले. मला वाटलं, होतं तेही बिघडवलं आपण. शोभानं चहा केला आणि कप माझ्या हातात दिला. "तुमीच जा," ती म्हणाली.

दादा पलंगावर बसला होता. चहा ठेवला तरी पाहिलं नाही.

"मनोहर," तो म्हणाला, "बोर्डात फेरतपासणी असते. माहीत आहे ना तुले?"

"हाव."

"अर्ज पोरानंच करावा लागते. बाप करू शकत नाही, भाऊ करू शकत नाही." त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. "तोंडी अर्ज चालन का?"

बावीस वर्षांत मी कोणाचाही तोंडी अर्ज घेतलेला नाही. माणसं जिने चढून आली, हात जोडून उभी राहिली, मी त्यांना 'लेखी द्या' म्हणून परत पाठवलं. मी म्हणालो, "चालन."

"मंग माहा पेपर पुन्हा तपास. त्या दिवशी मी खोटे उत्तरं देल्ले. यमुताईनं खरं लिहिलं. तिले लिहिता येते अन् मी मास्तर असून..."

 मी त्याच्याशेजारी बसलो. कागद आणायला उठलो नाही. सोळाही प्रश्न मला पाठ झाले होते.

"झोप?"

"पहाटे जाग येते. तिची उठायची वेळ ती. भांड्याचा आवाज येईल म्हणून आयकत बसतो."

"भूक?"

"तिची भाजी खारट असे. चाळीस वर्षं मी रोज म्हटलं, मीठ जास्त आहे. आता शोभाच्या हातचं बरोबर मिठाचं असते, अन् घशाखाली उतरत नाही." तो रडू लागला. मी माझ्या थोरल्या भावाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही त्यानंच सगळ्यांना पाणी दिलं होतं. मी त्याचा हात धरून बसलो.

शेवटचा प्रश्न मला विचारवत नव्हता. जगणं नको वाटतं का, असा होता तो. पण विचारला.

"मरावं असं नाही वाटत," दादा म्हणाला. "पण उठावं असंही नाही वाटत, गा."

बेरीज मी केली नाही. करायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रामदासपेठेतल्या मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. मी आणि दादा जाणार होतो. दाराशी सायकलरिक्षा आली तर मागे अजून दोन उभ्या. एकीत यमुताई पोळीभाजीचा डबा घेऊन, दुसरीत गणपतराव पेटी घेऊन आणि त्यांच्या बाजूला कवडूजी, पार्सल ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे एकदम शिरलो.

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला. स्पष्ट, हजेरीला म्हणतात तसं.

डॉक्टरांनी बाकीच्यांना बाहेर काढलं. यमुताईंना दोनदा काढावं लागलं. बराच वेळ ते दादाशी बोलले, मग मला बोलावलं. मी खिशातला प्रश्नांचा कागद पुढं केला. "हे चांगलं आहे," ते म्हणाले. "याच्यामुळे माणूस दारापर्यंत येतो. पण हे निदान नाही. शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि सतरा आले म्हणून घाबरू नका. माणसाशी बसून बोलावंच लागतं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि एकटं सोडू नका पण डोक्यावरही बसू नका, असं बजावलं. शेवटचं वाक्य त्यांनी दार उघडून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

लगेच सगळं बदललं असं काही झालं नाही. पहिले काही दिवस दादा नुसता झोपाळलेला असायचा. मग एकदा त्यानं दुसरी पोळी घेतली, तर शोभा इतकी टक लावून पाहत राहिली की त्यानं ती परत ठेवली. यमुताई संध्याकाळी पोळ्यांचं पीठ घेऊन आमच्याकडेच लाटायला बसू लागल्या. त्या लाटता लाटता जयाबद्दल बोलायच्या, कधी रडायच्या, आणि दादा खुर्ची आत घेऊन ऐकत बसायचा. एकदा तो वहिनींच्या खारट भाजीबद्दल बोलला. यमुताई म्हणाल्या, "माह्या भाजीत मीठ कमीच असते, माहा नवरा बोंबलते," आणि तो थोडासा हसला. मी तेव्हा हिशेबाची वही उघडून बसलो होतो. एक आकडा दिसला नाही मला.

होळीच्या आसपासची गोष्ट. कचेरीतून आलो तर माझ्या पाटावर ते साप्ताहिकाचं पान ठेवलेलं होतं, तेच, माझ्या खुणांचं आणि गणपतरावांच्या रबरानं झिजलेलं. मी ते कुठल्यातरी पुस्तकात ठेवून विसरलो होतो. त्यावर सगळीकडे लाल खुणा होत्या. छापणाऱ्याचे तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले होते. आणि माझ्या सतरावर मोठी फुली मारून बाजूला, बोर्डाच्या पेपरावर लिहितात तशा अक्षरात लिहिलं होतं : 'बेरीज चूक. तिसऱ्या प्रश्नाचा क्रमांक ३ हाही गुणांत धरला आहे. बरोबर उत्तर १४. पुन्हा करून दाखवणे.'

मी दादाकडे पाहिलं. तो खुर्चीत, वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता.

"म्हणजे मी उदास नव्हतोच?" मी विचारलं.

"तू उदास नाही," दादा वर्तमानपत्राआडून म्हणाला. "तू कारकून आहेस. हिशेबाच्या शाखेत तुले ठेवलं कोनं?"

मीठ-मोहऱ्या, चार गोळ्या, तर्रीवालं मटण, दोन दिवसांचं पोट, जिल्हाभर गेलेली पाकिटं, साहेबांना दिलेला लेखी खुलासा, आणि हे सगळं तीन गुणांच्या चुकीवर. बावीस वर्षं आकड्यांत काढलेल्या माणसाला यापेक्षा मोठी नामुष्की नाही. मी ते पान घेऊन स्वयंपाकघरात गेलो. शोभा फोडणी देत होती.

"शोभा," मी म्हणालो, "दादानं माझी चूक काढली."

तिनं कढई तशीच ठेवली, पदराला हात पुसले आणि पान हातात घेतलं. शेरा वाचता वाचता तिचे डोळे भरून आले, आणि माझे तर आधीच भरले होते. फोडणी करपली. बाहेरून आवाज आला, "काहीतरी जळून राहिलं! लक्ष कुठं आहे तुमचं?"